शिदोरीतले शब्द

गेल्या श्रावणात माझ्या हातून माझीच एक कादंबरी बिघडली. लिहिताना बिघडली असती तर त्यात नवल वाटण्याजोगे काही नव्हते. टीकाकारांनी तशी ग्वाही यापूर्वीच दिलेली आहे. पण ही कादंबरी छापून झाली होती, तिची पहिली आवृत्ती रखडत का होईना पण संपली होती, आणि दुसरीची जुळवाजुळव चालली असताना एका संध्याकाळी, अवघ्या दहा मिनिटांत, तिच्या तीन प्रकरणांचा मी पुरता चुथडा केला.

हकीकत अशी. कादंबरी टंकली होती ती जुन्या फॉन्टात. त्या काळच्या फॉन्टांत यंत्राच्या लेखी अक्षरे इंग्रजीच असत. वर फक्त मराठीचा मुखवटा चढवलेला असे. प्रकाशकांना आता मजकूर युनिकोडात हवा होता. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यास संगणकाच्या धंद्यात आहे. त्याने दोन रात्री खर्चून मला एक छोटा प्रोग्रॅम करून दिला. त्याला ना चित्रे, ना बटणे. काळ्या खिडकीत त्याचे नाव टंकायचे, पुढे फाइलीचे नाव टंकायचे, की तो मुखवटा काढून खरी अक्षरे बसवी. नवी फाइल कोठे ठेवायची ते त्याला आधी सांगून ठेवायचे. त्यासाठी 'आउट' हे नाव त्याने ठरवले होते. मी आज्ञाधारकपणे एका ओळीत 'आउट' म्हणजे अमुक फोल्डर असे लिहिले, दुसऱ्या ओळीत प्रोग्रॅम चालवला. फोल्डरात पाहतो तो काही नाही. पुन्हा चालवला. तरीही काही नाही. तिसऱ्यांदा चालवला आणि मग मूळ फाइल उघडून पाहिली.

प्रोग्रॅमला 'आउट' दिसलाच नव्हता. तो दिसला नाही तर नवा मजकूर मूळ फाइलीवरच लिहायचा, असे त्याला शिकवलेले होते. तेव्हा पहिल्या फेरीतच काम चोख झाले होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीत झालेल्या कामावर पुन्हा काम झाले. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाई, युनिकोडात ती नंतर येते. म्हणून प्रोग्रॅम प्रत्येक वेलांटीला एक घर पुढे सरकवी. ती तीनदा सरकली. पूर्णविराम आणि स्वल्पविराम यांना तो जुन्या फॉन्टातली अक्षरे समजला आणि त्यांचीही त्याने अक्षरे केली. आता त्यांतले मुळात अक्षर कोणते आणि विराम कोणता, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

छापील पुस्तक घरात होते, मग एवढे काय बिघडले, असे कोणी विचारील. त्या तीन प्रकरणांत एक म्हातारी बोलते. पहिल्या आवृत्तीत तिची भाषा मी पुस्तकी लिहिली होती. पुढे आईला मी ती प्रकरणे वाचून दाखवली, आणि तिने मला वाक्यावाक्याला अडवले. "अशी कुणी बोलत नाही रे," म्हणायची आणि तेच वाक्य स्वतः बोलून दाखवायची. त्या दुरुस्त्या मी तिच्यासमोर बसून त्याच फाइलीत केल्या होत्या, दुसरीकडे कोठेही नाही. प्रत काढून ठेवावी हा उपदेश मी वर्गात दरवर्षी करतो. आई दोन वर्षांपूर्वी गेली.

विद्यार्थी रविवारी धावत आला. त्याने माझ्या ओळी पाहिल्या आणि मान खाली घालून म्हणाला, "सर, तुम्ही एक्स्पोर्ट लिहिलं नाहीत."

"लिहायचं असतं हे तू मला सांगितलं होतंस का?"

"नाही सर. ते सगळ्यांना माहीत असतं असं आम्ही धरूनच चालतो."

त्याला मी चहा दिला आणि निरोप दिला. पण 'सगळ्यांना माहीत असते' हे वाक्य मला स्वस्थ बसू देईना. कोण हे सगळे? आणि कधीपासून माहीत असते? माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, संगणकाशी संबंध टंकण्यापुरता; तरी दिवाळीपासून उन्हाळ्याच्या सुटीपर्यंत मी या एका शब्दाचा माग काढीत राहिलो. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडतो.

ज्या वस्तूने मला दगा दिला तिला 'एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल' म्हणतात. 'पर्यावरण चल' असे भाषांतर केले तर झाडे लावण्याचा कार्यक्रम असावा असे वाटते. मी आपला मनाशी तिला शिदोरी म्हणतो, आणि तसे म्हणण्याला आधार आहे. एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला कामावर धाडायचे झाले की पहिला दुसऱ्याच्या हाती नावे आणि त्यांचे अर्थ यांची एक पुरचुंडी देतो: घर अमुक ठिकाणी आहे, भाषा तमुक आहे, घड्याळ या गावचे आहे. ही पुरचुंडी म्हणजे नक्कल असते. गावाला गेलेल्या मुलाने तिच्यात काही घातले वा काढले, तरी घरच्या डब्यात त्याने फरक पडत नाही. मुलाने पुढे आपल्या मुलाला धाडले तर त्यालाही तीच शिदोरी मिळते. वारसा वरून खाली जातो. खालून वर येत नाही.

ही व्यवस्था आली कोठून? अमेरिकेत न्यू जर्सी प्रांतात मरे हिल येथे बेल टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा होती. तेथे १९६९ साली केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची यंत्रणा रचायला घेतली. आरंभीच्या युनिक्सात शिदोरी नव्हतीच. प्रोग्रॅमला जे काही सांगायचे ते हाक मारतानाच, नावापुढच्या शब्दांत सांगायचे. टंकलेल्या आज्ञा समजून घेऊन प्रोग्रॅमांना कामाला लावणारा जो प्रोग्रॅम असतो त्याला 'शेल' म्हणतात. टॉम्प्सनचा शेल प्रोग्रॅम शोधायला ठरलेल्या जागीच जाई. त्याच प्रयोगशाळेत जॉन मॅशी यांनी सत्तरीच्या दशकात त्या शेलमध्ये सुधारणा केल्या. प्रोग्रॅम कोठकोठे शोधायचे ते ज्याचे त्याला ठरवता यावे, ही सोय त्यांतली एक. तिच्यासाठी त्यांनी नाव ठेवले ते एका अक्षराचे. पाचपन्नास माणसांच्या वस्तीत एका अक्षराचे नाव पुरते. आमच्या वाडीतही 'अण्णा' म्हटले की एकच माणूस ओ देई.

१९७९ च्या जानेवारीत युनिक्सची सातवी आवृत्ती निघाली, आणि आजची शिदोरी जन्माला आली ती तिच्यात. या आवृत्तीचा शेल स्टीफन बोर्न या इंग्रज गृहस्थांनी लिहिला होता. बोर्न यांना अल्गोल भाषेचा मोठा लळा. 'इफ'ने उघडलेले वाक्य बंद करायचे ते 'फाय'ने, 'केस'ने उघडलेले 'एसॅक'ने, म्हणजे तोच शब्द उलटा करून, ही तिकडचीच खोड त्यांनी शेलमध्ये आणली. आणि आज चाळीस-पंचेचाळीस वर्षे झाली तरी जगभरचे तरुण शब्द उलटे टंकीत बसले आहेत. याच बोर्न यांनी आणखी एक भेद केला, आणि माझे नुकसान झाले ते त्या भेदात. शेलमध्ये लिहिलेले नाव शेलचे स्वतःचे असते. ते शिदोरीत बांधायचे असेल तर 'एक्स्पोर्ट' असे वेगळे म्हणावे लागते. घरात शिजलेले सगळेच काही मुलाबरोबर द्यायचे नसते, हे कोणत्याही गृहिणीला पटेल. भेद शहाणपणाचा आहे. माझी तक्रार एवढीच, की न बांधलेली वस्तू आणि नसलेलीच वस्तू यांत गावाला गेलेल्या मुलाला काही फरक कळत नाही.

सातव्या आवृत्तीच्या माहितीपुस्तकात या विषयावर एक छोटे पान आहे. मी ते पुन्हा पुन्हा वाचले. इतक्या थोड्या ओळींत इतके पुढचे पाहिलेले लिखाण मी क्वचितच वाचले असेल. त्यात ठरलेली नावे तीनच: 'पाथ' म्हणजे शोधायच्या जागा, 'होम' म्हणजे माणसाचे घर, आणि 'टर्म' म्हणजे समोरचे यंत्र कोणत्या जातीचे ते. पुढे इशारा दिला आहे की आणखी चार नावे शेल स्वतःसाठी वापरतो, त्यांच्याशी टक्कर घेणे शहाणपणाचे नाही. म्हणजे वस्तीत सात घरे झाली नाहीत तोच शेजाऱ्यांची भांडणे लेखकाला दिसू लागली होती. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. नाव, मग बरोबरचे चिन्ह, मग अर्थ, हा आकार केवळ 'रीतीने' पाळला जातो असे तेथे म्हटले आहे. शिदोरी पोचवणारे कर्नल तिच्यात काय आहे ते पाहत नाही. ओळी जशा मिळाल्या तशा हवाली करते. टपालवाल्याने पाकीट फोडू नये हे योग्यच, पण मग पाकिटात काय यावे याचा बंदोबस्त घेणाऱ्याने करायचा. तो घेणाऱ्यांनी कितपत केला, ते पुढे दिसेलच.

१९८३ साली डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत हीच कल्पना घरगुती संगणकांवर आली, आणि तेव्हापासून ती कोठे नाही असे नाही.

नव्या नावांची रीघ लागली. 'एडिटर' आणि 'व्हिज्युअल' ही दोन नावे एकाच कामाची का, हे मला प्रथम उलगडेना. पूर्वी पडदा नव्हता. कागदावर ओळ छापणारी यंत्रे होती. तेथे एकेक ओळ सुधारणारा संपादक वेगळा आणि पुढे पडदा आल्यावर सबंध पान दाखवणारा वेगळा. कागदाची यंत्रे केव्हाच भंगारात गेली. नावांची जोडी राहिली. 'टर्म'चेही तेच. जी खिडकी आज पडद्यावर उघडते ती स्वतःला कोणते ना कोणते जुने यंत्र म्हणवून घेते, कारण तसे म्हटल्याशिवाय समोरचा प्रोग्रॅम तिच्याशी नीट बोलत नाही.

मला सर्वांत मौजेचे वाटले ते 'टीझेड', म्हणजे घड्याळाचे नाव. बेल कंपनीच्या पुढच्या युनिक्सात हे आले. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर बसलेल्या माणसांनी ग्रिनिचपासून आपण किती तास मागे, ते सरळ आकड्याने लिहिले: पाच. वजा चिन्ह लिहिण्याचे कष्ट कोण घेणार? परिणाम असा झाला की पश्चिमेला अधिक आणि पूर्वेला उणे हा नियम कायमचा होऊन बसला, आणि साडेपाच तास पुढे असलेल्या आपणांस या पद्धतीने भारतीय वेळ लिहायची तर उणे साडेपाच असे लिहावे लागते. ज्याने पहिल्यांदा लिहिले त्याच्या खिडकीतून जग जसे दिसले तसे ते सर्वांना पाहावे लागते. पुढे आर्थर डेव्हिड ओल्सन प्रभृतींनी जगभरच्या वेळांची सूची तयार केली आणि 'एशिया/कोलकाता' असे गावाच्या नावाने सांगता येऊ लागले. सूचीत पूर्वी 'कलकत्ता' होते. शहराने २००१ साली नाव बदलले, मागाहून सूचीनेही बदलले, पण जुने नाव पुसले मात्र नाही. ज्यांच्या शिदोरीत 'कलकत्ता' लिहिलेले आहे त्यांची घड्याळे बंद पाडण्याचा अधिकार आपल्याला नाही, एवढा विवेक त्या मंडळींनी दाखवला.

मुंबईला त्या सूचीत जागा नाही. पण १९०६ साली हिंदुस्थानची एक वेळ ठरल्यानंतरही मुंबई शहर आपली जुनी वेळ धरून बसले होते: ग्रिनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटे, म्हणजे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे. हा हट्ट १९५५ पर्यंत चालला. माझे आजोबा गिरगावात नोकरीला होते, आणि आगगाडीची वेळ निराळी, शहराची निराळी, याच्या गोष्टी ते रंगवून सांगत. एका रात्री मी 'टीझेड'पुढे उणे ४:५१ लिहिले, या खेपेस न विसरता एक्स्पोर्ट केले, आणि यंत्राला वेळ विचारली. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजले होते. यंत्राने नऊ वाजून एकवीस मिनिटे सांगितली. आजोबांचे घड्याळ एका ओळीत परत आले आणि खिडकी मिटताच गेले.

भाषेचीही नावे आहेत: 'लँग' आणि 'एलसी'ने सुरू होणारी त्याची भावंडे. यांत एक 'एलसी_ऑल' म्हणून आहे, त्याच्यापुढे बाकीच्यांचे काही चालत नाही. एका वर्षी शाळेच्या हजेरीपटात 'काळे' हे नाव 'कावळे' आणि 'कासार' यांच्या वर गेले. मुलांनी ते माझ्या आधी ओळखले. आपल्या वर्णमालेत 'ळ' येतो 'ह'च्या नंतर. युनिकोडच्या तक्त्यात तो 'ल'च्या शेजारी बसवला आहे. यादी लावणाऱ्या यंत्राला कोणती भाषा ते कोणी सांगितलेच नव्हते, म्हणून त्याने तक्त्याच्या आकड्यांनी नावे लावली. काळ्यांच्या मुलाला आपला नंबर वर गेल्याचा आनंद झाला. तो मी त्याला वर्षभर भोगू दिला.

नावे वाढली तसे नियम करण्याची गरज भासू लागली. १९८८ साली पॉसिक्स नावाचे प्रमाण प्रसिद्ध झाले. या प्रमाणाने नावांच्या वस्तीत एक कुंपण घातले: प्रमाणातल्या साधनांची नावे रोमन मोठ्या लिपीत, आणि ज्या नावांत लहान लिपीतली अक्षरे आहेत ती सगळी इतर प्रोग्रॅमांना मोकळी. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याने खरे तर लहान लिपीतले नाव घ्यायला हवे होते. पण ते कोणीच करीत नाही. मोठ्यांच्या पंगतीला बसायची हौस कोणाला नसते? या प्रमाणाला 'पॉसिक्स' हे नाव सुचवले रिचर्ड स्टॉलमन यांनी, आणि त्याच्याशी भांडलेही तेच. डिस्कवरची जागा ५१२ बाइटांच्या तुकड्यांत मोजावी असे प्रमाण म्हणे. स्टॉलमन म्हणत, माणसे १०२४ मध्ये मोजतात. अखेर त्यांनी आपल्या मतानेच मोजायचे ठेवले आणि ज्याला प्रमाणच हवे त्याच्यासाठी एक नाव ठरवून दिले, की ते शिदोरीत असेल तर प्रमाणाप्रमाणे मोजू. त्या नावाचे पहिले रूप इतके चावट होते की शाळामास्तराने त्याचे भाषांतर करू नये. मागाहून ते सभ्य करून 'पॉसिक्सली_करेक्ट' असे ठेवले.

शिदोरीत काय घालू नये, याचा धडा 'ग्रेप' या शब्द शोधणाऱ्या साधनाने दिला. माणसाच्या आवडीनिवडी एकदाच लिहून ठेवता याव्यात म्हणून त्याला 'ग्रेप_ऑप्शन्स' हे नाव मानायला शिकवले होते. कोणी तेथे लिहिले, ओळींना आकडे घाल. कोणी लिहिले, सापडलेला शब्द रंगव. पडद्यापुढे बसलेल्या माणसाला हे सोयीचे. पण तेच ग्रेप शेकडो दुसऱ्या प्रोग्रॅमांच्या पोटातही काम करीत असते, आणि शिदोरी त्यालाही पोचते. ज्या प्रोग्रॅमाला नुसता शब्द हवा होता त्याच्या हाती रंगाची चिन्हे मिसळलेला शब्द पडू लागला. २०१४ साली या नावाच्या वापरावर ताकीद मिळू लागली, आणि २०२० साली ग्रेपने ते मानणेच सोडून दिले. आवड आणि हुकूम एकाच पुरचुंडीत बांधले की असे होते.

नावांच्या बाबतीत मला आवडलेली हकीकत 'गिट'ची आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या मसुद्यांची प्रत्येक आवृत्ती जपून ठेवणारे हे साधन लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ च्या एप्रिलात लिहायला घेतले. (असे एखादे कादंबरीकारांसाठी असते तर, हा विचार मी करीत नाही, ते आमच्यासाठीही होतेच, मला ठाऊक नव्हते.) पहिल्या दिवसांत त्याची नावे उघडीवाघडी होती: लेखकाचे नाव सांगायला नुसते 'ऑथर_नेम'. महिन्याभरातच, मे मध्ये, एच. पीटर अँव्हिन यांनी हरकत घेतली की असली नावे कोणाचीही असू शकतील, दुसऱ्याशी टक्कर होईल. सर्वांच्या पुढे 'गिट_' लावावे. ज्युनिओ हमानो यांनी तसा बदल करून दिला, आणि काही काळ जुनी नावेही मानायची पण मानताना कुरकुर करायची, अशी तजवीज ठेवली. साधन जेमतेम महिन्याचे होते. तेव्हाच हे केले म्हणून झाले. दहा वर्षांनी ते करणे कोणाच्या बापाला जमले नसते. आपण मुलाच्या नावापुढे बापाचे आणि आडनाव लावतो ते काय उगाच?

गिटमध्ये आणखी एक क्रम नीट लावलेला दिसतो. मजकूर सुधारायला कोणता संपादक उघडायचा हे ठरवताना ते आधी स्वतःच्या नावाचा 'गिट_एडिटर' पाहते, मग आपल्या नोंदींची फाइल, मग सर्वांचे 'व्हिज्युअल', मग 'एडिटर', आणि काहीच नसेल तर ठरलेला 'व्हीआय'. जवळच्याचे आधी ऐकायचे, लांबच्याचे नंतर. आणि अखेरचा जो पर्याय, तो असा की त्याने कोणाचे काही पुसले जात नाही.

आता शिदोरीतल्या विषाची गोष्ट. 'बॅश' हा बोर्न यांच्या शेलचा वारस, ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेला. १९८९ साली त्यात एक सोय आली: केवळ शब्दच नव्हेत तर कामाची छोटी कृतीही शिदोरीतून मुलाला देता यावी. अर्थाच्या जागी कंसाची जोडी आणि महिरपी कंस दिसला की ती कृती आहे असे समजून बॅश ती शिकून घेई. पण वाचता वाचता कृती संपली तरी तो थांबत नसे. तिच्यापुढे जे लिहिलेले असे ते तेथल्या तेथे करून टाकी. हे पंचवीस वर्षे कोणाच्या ध्यानात आले नाही. मधल्या काळात, १९९३ पासून, जाळ्यावर आलेल्या पाहुण्याने स्वतःविषयी जे सांगितले ते शिदोरीत बांधून आतल्या प्रोग्रॅमांना देण्याची पद्धत पडली होती. म्हणजे वाटसरूने दारात उभे राहून काहीही पुटपुटावे आणि घरातल्याने ते मालकाचा हुकूम समजून पार पाडावे! स्तेफान शाझेला यांनी ही खोट शोधली. २०१४ च्या सप्टेंबरात ती जाहीर झाली आणि जगभर एकच धावपळ उडाली. काही तासांतच चोर कामाला लागले होते. उपाय अनेक झाले, त्यांतला एक माझ्या विषयाशी जुळणारा: कृती असेल तर तिच्या नावाला पुढे 'बॅश_फंक_' आणि मागे दोन टक्क्यांची चिन्हे लागलीच पाहिजेत, असे ठरले. नुसत्या नावाने आलेल्याला आता कोणी कृती समजत नाही.

याच जातीचा दुसरा प्रसंग २०१६ साली गाजला. पाहुण्याने सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीच्या नावापुढे 'एचटीटीपी_' लावून ती शिदोरीत घालायची अशी रीत. पाहुण्याने 'प्रॉक्सी' नावाची गोष्ट सांगितली की तिचे होई 'एचटीटीपी_प्रॉक्सी'. आणि बाहेरची बोलणी कोणामार्फत करायची ते सांगणारे जुने प्रसिद्ध नाव नेमके हेच होते. पाहुणाच घरचा मध्यस्थ ठरवू लागला. गंमत म्हणजे हे २००१ सालीच काहींच्या ध्यानात आले होते, आणि 'कर्ल' हे साधन तेव्हापासून हे एक नाव फक्त लहान लिपीतच मानते. ज्यांनी वाचले ते वाचले.

गुपितांविषयी थोडक्यात सांगतो. २०११ साली हेरोकू कंपनीच्या मंडळींनी बारा कलमांचा एक उपदेश लिहिला, त्यात प्रोग्रॅमची मांडणी शिदोरीत ठेवावी असे कलम आहे. त्याचा एक परिणाम असा की लोक किल्ल्यासुद्धा शिदोरीत बांधू लागले. ती मुलाला, नातवाला, सर्वांना पोचते, हे वर सांगितलेच आहे.

हे सारे मी विद्यार्थ्याला सुटीत सांगितले. त्याला बरेचसे ठाऊक होते. वेगवेगळे ठाऊक होते. मग आम्ही दोघे माझ्या ओट्यावर बसून त्याचा प्रोग्रॅम नव्याने मांडू लागलो. त्याने प्रोग्रॅमला 'अक्षरांतर' असे नाव दिले आहे. तेव्हा 'आउट'चे 'अक्षरांतर_आउट' झाले. नावापुढे लिहिलेला शब्द पहिला, मग शिदोरी, मग फाइल, हा क्रम ठरला. ते नाव शिदोरीत नसेल तर काय करायचे आणि असून रिकामे असेल तर काय, यावर मात्र आमचा वाद झाला.

तो म्हणाला, "सर, दोन्ही एकच."

मी त्याला 'नो_कलर'ची गोष्ट सांगितली. पडद्यावर रंग नकोत असे सांगण्यासाठी २०१७ साली निघालेले हे नाव. ते नुसते असले तरी पुरे, अर्थ काहीही असो, असा त्याचा पहिला नियम. म्हणजे पुढे 'नाही' लिहिले तरी त्याचा अर्थ 'हो'च. रिकामे असेल तर मात्र नसल्यासारखे समजा, अशी दुरुस्ती त्यांना मागाहून करावी लागली.

"म्हणजे शेवटी मी म्हणतो तेच झालं, सर."

"झालं. पण त्यांच्या चुकीनं रंग गेला असता. तुझ्या चुकीनं काय गेलं ते बघ."

तो गप्प झाला. मला तसे बोलायला नको होते. थोड्या वेळाने त्याने यंत्र पुढे ओढले आणि लिहिले: ठिकाण सांगितलेले नसेल किंवा रिकामे असेल, तर काही एक न करता थांबायचे, आणि थांबलो का ते मराठीत सांगायचे. मूळ फाइलीवर लिहायचे असेल तर वेगळे नाव, आणि त्याचा अर्थ 'हो' किंवा 'नाही' यांपैकीच एक. तिसरे काही आढळले तरी थांबायचे. आणखी एक गोष्ट त्याने आपण होऊन केली. ठिकाण कोठून कळले, नावापुढच्या शब्दातून, शिदोरीतून की फाइलीतून, हे तो प्रोग्रॅम आता काम सुरू करण्याआधी एका ओळीत सांगतो.

दुसरी आवृत्ती माघात निघायची आहे. छापील पुस्तकावरून ती तीन प्रकरणे मी पुन्हा टंकली आणि आईची वाक्ये आठवतील तशी बसवीत आहे. तेहतीस होती असे माझ्या मनात आहे, सतरा आली. अठराव्यात म्हातारी सुनेला विळी कोठे ठेवली ते सांगते. आई माहेरची कोकणातली, दिलेली देशावर. ती वाचताना 'पडवीत' म्हणाली होती की 'सोप्यात', ते अजून ठरत नाही.